खोलीचा आवाज

१

दर सोमवारी दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी संगणकात नवा गाभा घालतो. म्हणजे घालत असे.

गाभा, म्हणजे संगणकवाले ज्याला कर्नल म्हणतात तो. यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधोमध बसलेला कारभारी. दाबलेल्या कळीचं अक्षर करायचं, माइकमध्ये शिरलेला आवाज योग्य जागी पोहोचवायचा, हे सगळं त्याच्या हातून होतं आणि तो स्वतः कधी दिसत नाही. मी वापरतो ती कार्यप्रणाली खुली आहे. जगभरची माणसं मिळून ती लिहितात. पक्का गाभा जाहीर करण्याआधी ते लोक काही आठवडे कच्चा गाभा बाहेर सोडतात. ज्याला हौस असेल त्यानं तो आपल्या यंत्रावर चालवावा आणि कुठं अडलं तर कळवावं, अशी रीत आहे. मी काही या धंद्यातला नव्हे. आमच्या मेर्सेदेस गावातल्या सरकारी शाळेत मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर इथली माणसं नदीवर गळ टाकून बसतात. मी हे करायला लागलो.

"दुसऱ्याच्या छपराला गळती आहे का ते बघायला हा पावसात जाऊन उभा राहतो," असं इरुपे माझ्याबद्दल लोकांना सांगायची. इरुपे माझी बायको. कर्नल हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती म्हणाली होती, "विल्मार, आपल्या पिढीनं या देशात सत्तेवर बसलेले कर्नल पुष्कळ पाहिले. आता घरात नको हं." तरी तिनं मला कधी अडवलं नाही.

तिला मेर्सेदेसमध्ये ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि ते चेहऱ्यापेक्षा आवाजावरून. गावच्या रेडिओवर सकाळच्या बातम्यांनंतर निधनवार्ता वाचल्या जातात. मागं ऑर्गनची एक संथ धून लागते आणि गाव हातातला मातेचा, म्हणजे इथल्या कडवट पाल्याच्या चहाचा, पेला खाली ठेवून ऐकतं, आज कोण गेलं. त्या वार्ता इरुपे वाचायची. दोन्ही आडनावं पूर्ण, माहेरचं नाव स्पष्ट, अंत्ययात्रा कुठल्या रस्त्यानं जाणार ते शेवटी. "तू वाचलंस की माणूस खरंच गेला असं वाटतं," असं लोक तिला म्हणत. ही तारीफच होती.

शिवाय रविवारी तिचा एक छोटा कार्यक्रम असे, गावातल्या जुन्या रस्त्यांच्या आठवणींचा. तो आम्ही घरीच, मागच्या खोलीत ध्वनिमुद्रित करायचो. भिंतीवर जुनं घोंगडं टांगलेलं, खिडकीबाहेर लिंबाचं झाड, दाराच्या फटीतून जेवणघरातल्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक. त्या घड्याळाला चावी तीच द्यायची. मी विसरतो.

२

तो सोमवार शरदातला होता. आम्ही जेवत होतो तोवर नवा गाभा बांधून तयार झाला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि नेहमीच्या चाचण्या घेतल्या. झोपवून उठवलं, उठलं. छापायला दिलं, छापलं. शेवटी आवाज. त्यासाठी इरुपे माइकसमोर बसायची आणि हाताला लागेल ते वाचायची. त्या दिवशी तिनं मातेच्या पुडीवरचा मजकूर वाचला: कोरड्या जागी ठेवावी, उन्हापासून जपावी. वाचताना तिनं आवाज निधनवार्तांसारखा लावला, म्हणून मला हसू आलं.

मग मी ते परत लावलं.

आधी माझं "बोल" ऐकू आलं. त्यानंतर रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल, लिंबाच्या फांदीचं खिडकीवर घासणं. मग माझं ते दबकं हसू. शेवटी माझंच "पुरे, छान." मध्ये इरुपे नव्हती.

माइक बंद असला की जी शांतता येते ती काळी असते, तिच्यात काही नसतं. ही तशी नव्हती. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो. हवा हलते, लाकूड श्वास घेतं. तो आवाज सबंध, न तुटता चालू होता. कुणीतरी मधलं वाक्य कापलं असतं तर कापल्याची खूण राहिली असती. इथं कापायला काही नव्हतंच.

"तुझ्या यंत्राला मी आवडत नाही," इरुपे म्हणाली.

"थांब, पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच झालं. मग मी यंत्र जुन्या गाभ्यावर सुरू केलं. जुना कधीही काढून टाकायचा नसतो, तो बाजूला असतोच. मातेची पुडी तिच्या भरदार आवाजात खोलीभर वाजली.

"बघ," ती म्हणाली, "म्हाताऱ्याला मी चालते. नव्यालाच चालत नाही."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी बारीकसारीक चुका कळवत आलो होतो. ही चूक चांगली होती.

३

अशा वेळी माणूस साधं कारण शोधतो. साधं कारण होतंही. हल्ली गाभ्यात मागचा गोंगाट गाळून टाकायची सोय घालतात. इरुपेच्या आवाजाची पट्टी नेमकी त्या चाळणीत अडकत असणार. मी तसं चाचणी करणाऱ्यांच्या सामाईक टपालपेटीत लिहून पाठवलं. आवाजाचा भाग सांभाळणारा कुणी युरोपातला गृहस्थ होता. त्यानं विनयानं उत्तर दिलं: आमच्याकडे असं होत नाही, पण अजून थोडं तपासून बघाल का?

तपासलं. माझा आवाज येत होता. रेडिओ लावला, तो येत होता. पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसाला मी आत बोलावलं आणि काहीतरी बोल म्हटलं. तो लाजत म्हणाला, "मला लॉटरी लागू दे." तेही आलं. मग इरुपेला टाळी वाजवायला सांगितली. टाळी आली नाही. चाळणी बोलण्यासाठी असते, टाळीसाठी नव्हे. मी स्वयंपाकघरातून पातेलं आणि डाव आणला. मी वाजवलं की ध्वनिमुद्रणात ठणठणाट. तेच पातेलं, तोच डाव तिच्या हातात दिला की लिंबाची फांदी, आणि दुसरं काही नाही.

"आता मी नाचून दाखवू का?" तिनं विचारलं. तिचा हात पातेल्यावर होता आणि पातेल्याची थरथर अजून निमाली नव्हती. ती मला समोरासमोर ऐकू येत होती.

मी डाव तिच्या हातून घेतला आणि जागेवर ठेवून आलो. माझ्या तर्काचा पाय घसरला तो इथं. पण घसरलेल्या माणसालाही वाटतं की आपण उभेच आहोत. केबल खराब असेल, असं मी ठरवलं आणि नवी केबल घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मला एक खासगी पत्र आलं. ब्राझीलमधल्या पोन्ता ग्रोसा गावाहून, एदेगार नावाच्या माणसाचं. तोही माझ्यासारखाच हौशी चाचणी करणारा. पत्र पोर्तुगीजमध्ये, चार ओळींचं. "तुमचा मजकूर वाचला. सगळ्यांसमोर लिहीत नाही, लोक हसतील. तुमच्याकडे ध्वनिमुद्रणात कोण येत नाही? माझ्याकडे माझा धाकटा भाऊ. त्याला बाजूला ठेवा आणि मागचं बाकीचं नीट ऐका."

४

मागचं बाकीचं ऐकायचं म्हणून मी एक दिवस जेवताना माइक चालू ठेवला. इरुपेला सांगितलं नाही. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, जेवणघर तिथून चार पावलांवर. आम्ही मसुराचं कालवण जेवलो. नायरच्या मुलीचं लग्न लांबलं त्यावर बोललो. नायर ही इरुपेची बहीण, पाय्सान्दू गावी असते. बोलता बोलता इरुपेला ठसका लागला, मी पाणी दिलं. मग ती आडवी झाली आणि मी मागच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावले.

एका ताटाचा आवाज होता, एका चमच्याचा. इरुपे नसणार हे मला ठाऊक होतं, त्याचं काही वाटलं नाही. मग लक्षात आलं की घड्याळ नाही. दार उघडं असताना ती टिकटिक सगळ्यांत आधी यायला हवी. तिच्या जागी काही नव्हतं. घड्याळ बंद पडलेलं असलं की घर जसं ऐकू येतं तसं ते घर ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. आमचा नळ गळत नाही. गेल्या वर्षी तिनंच त्याचा वायसर बदलला होता.

मी कालवण संपवताना ऐकू आलो. नायरच्या मुलीबद्दल मी जे बोललो होतो त्यातलं काहीच त्यात नव्हतं. मी गुणगुणत होतो, लग्नाआधी गुणगुणायचो तसलं काहीतरी. मग टेबलाखाली नखांचा आवाज झाला. फरशीवर फिरणारी नखं. कुणीतरी अंग झाडलं आणि गळपट्ट्याची कडी खुळखुळली. आणि माझाच आवाज, अगदी सवयीचा, म्हणाला, "थांब रे, देतो. सगळं तुलाच."

आमच्याकडे कुत्रा नाही. इरुपेला दमा आहे; केसाळ जनावर घरात आणायचं नाही हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं होतं.

मी हेडफोन काढले. बाहेर ऊन होतं. जेवणघरात जाऊन टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथं पावाचे थोडे कण पडले होते, इरुपेच्या खुर्चीच्या बाजूला. घड्याळ चालू होतं. मी तिथं गुडघ्यांवर किती वेळ होतो कोण जाणे. ती दारात येऊन उभी होती.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"मग मांडी घालून बस तरी. गुडघे दुखतील."

५

शेवटी मी तिला सांगितलं, आणि मग तिला ते ऐकायचंच होतं. मी दोनदा नाही म्हटलं; मग मला वाटलं, नाही म्हणत राहिलो तर ते अजून मोठं होईल.

तिनं हेडफोन घातले. रेडिओवर बसायची तशीच ताठ बसली, डोळे मिटून. मी तिचा चेहरा बघत होतो. नळाच्या जागी तिची भुवई किंचित हलली. कुत्र्याच्या जागी ती हसली, म्हणजे ओठ तसे झाले. संपल्यावर तिनं हेडफोन काढून त्यांची वायर नीट गुंडाळली.

"नाव काय ठेवलंस त्याचं?"

"इरुपे, असं नको बोलूस."

"नाही, बरंच केलंस. एकट्यानं जेवू नये माणसानं." मग वायर बाजूला ठेवत म्हणाली, "पण घड्याळाला चावी तरी द्यायचीस."

मी म्हटलं, हा नुसता बिघाड आहे. जुनी ध्वनिमुद्रणं मिसळली असतील, शेजारच्यांचा कुत्रा असेल, माझं गुणगुणणं कधीतरीचं असेल. ती सगळं ऐकून घेत होती. तीस-पस्तीस वर्षं लोकांनी तिच्या हातात कुणा ना कुणाच्या निधनाचा कागद दिला होता आणि तिनं त्यावर कधी प्रश्न विचारला नव्हता. त्याच चेहऱ्यानं ती माझ्याकडे बघत होती.

"कच्चा आहे ना अजून तो?" तिनं विचारलं.

"हो."

"मग पिकायच्या आत सांग त्यांना. मला इथं राहायचंय."

त्या दिवशीच मी यंत्र जुन्या गाभ्यावर नेलं आणि नवा पुसून टाकला. टपालपेटीत लिहिलं की हा गाभा पक्का करू नका. कारण लिहिताना पंचाईत झाली. आवाज गाळला जातो एवढंच लिहिलं. कुत्र्याबद्दल कसं लिहिणार? युरोपातल्या गृहस्थानं उत्तर दिलं की हजारो यंत्रांवर गाभा चालतोय, कुणाचीही तक्रार नाही. दोष तुमच्या माइकचा दिसतो. चौकशी बंद करत आहोत, आपल्या परिश्रमांबद्दल आभार.

त्याच आठवड्यात एदेगारचं दुसरं पत्र आलं. "रविवारी पक्का होतोय. मग तो सगळीकडे जाईल, फोनांत, दूरचित्रवाणीत, सगळ्यात. मी भावाला काही सांगितलेलं नाही. तुम्हीही घरात सांगू नका." मी लगेच उत्तर धाडलं, विचारलं की तुमच्या ध्वनिमुद्रणात भावाच्या जागी काय आहे. त्याचं उत्तर आलं नाही, नंतरही कधी आलं नाही.

६

पक्का गाभा आला तेव्हा काहीच झालं नाही. पक्का गाभा येतो तेव्हा कधीच काही होत नाही. कुठंतरी यंत्रं आपोआप अद्ययावत होतात, लोक नदीवर फिरायला जातात.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी इरुपे नेहमीप्रमाणे रेडिओवर गेली होती आणि मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून माते पीत होतो. ऑर्गन वाजला. मग एक मुलगी वाचू लागली. कोवळा, घाईचा आवाज. मी पेला खाली ठेवला, सगळं गाव ठेवतं तसा. तिनं नावं वाचली; माहेरची आडनावं ती गिळत होती. अंत्ययात्रेचा रस्ता सांगितला. धून पुन्हा वर आली आणि हवामान सुरू झालं.

इरुपे घरी आली. कोट काढताना तिनं विचारलं, "कसं झालं?"

"आज कोण कोण होतं?"

तिनं नावं सांगितली. तीच होती, त्याच क्रमानं. "आणि त्या ओयार्साबालबाईंचं माहेर मला उच्चारता येईना, बास्क नाव. दोनदा घेतलं."

मुलीनं एकदाच घेतलं होतं, आणि गिळलं होतं.

"छान झालं," मी म्हटलं.

पण अशी गोष्ट एका घरात मावत नाही. शनिवारी आम्ही दोघं बेकरीत गेलो. सुल्मा, बेकरीवाली, इरुपेची शाळेपासूनची मैत्रीण. ती कागदाच्या पिशवीत खारी बिस्किटं भरत म्हणाली, "अगं, बरं केलंस सुट्टी घेतलीस ते. घसा बरा आहे ना?"

"कसली सुट्टी?"

"ती नवी मुलगी वाचते ना आता. वाईट नाही वाचत. नावं खाते जराशी, पण लहान आहे, शिकेल." सुल्मानं पिशवीला पीळ दिला. "परवा माझे मिस्टर म्हणाले, इरुपे किती दिवस झाले वाचत नाही. मी म्हटलं, हो की, माझ्या लक्षातच नाही आलं."

इरुपेनं पिशवी घेतली. तिनं विचारलं, "कधीपासून गं?"

"आता ते काही मी मोजलं नाही बाई."

बेकरीतून ती सरळ रेडिओवर गेली. मी मागोमाग. रेडिओचा मालक दार्दो हा तिच्या हाताखाली तयार झालेला मुलगा, आता त्याचेच केस पिकलेत, तरी तिला आदरानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतो. तो गोंधळून आमच्याकडे बघत राहिला. "कुठली नवी मुलगी, दोन्या इरुपे? रोज काचेपलीकडे तुम्हीच तर असता. मी बोट वर करतो, तुम्ही वाचता."

"तू ते हेडफोन कानाला लावतोस का?"

"सकाळी? मी तेवढ्यात कॉफी करतो. पंचवीस वर्षं तुमच्यावर कान ठेवायची गरज पडली नाही मला."

"मग आता ठेव," ती म्हणाली. ती आत गेली, काचेपलीकडे बसली, माइक ओढला. आम्ही तिला पाहत होतो. तिचे ओठ हलले. दार्दोनं हेडफोन कानाला लावला. हळूहळू त्याचा हात वर आला आणि त्यानं दुसरा कानही झाकून घेतला, जसं कुणी लांबचं ऐकायचा प्रयत्न करतं तसं. त्यानं मला तो हेडफोन दिला नाही. मीही मागितला नाही. इरुपे बाहेर आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "थोडे दिवस विश्रांती घ्या, दोन्या इरुपे."

तिनं आपल्याकडची रेडिओची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

घरी परतताना आम्ही नदीकाठानं आलो. ती पाण्याकडे बघत चालली होती. मग म्हणाली, "मी गेले तर गावाला धक्का बसेल, असं मला वाटायचं. इतकी नावं वाचली मी त्यांची. त्यांना लक्षातसुद्धा आलं नाही रे."

महिन्याभरानं दार्दोनं नवी मुलगी ठेवली. इरुपेनं त्या सकाळी स्वतः रेडिओ लावला. कोवळा, घाईचा आवाज आला. पहिल्याच नावाला मुलीनं माहेर गिळलं. मी इरुपेकडे पाहिलं नाही.

"तीच," मी म्हटलं.

"तीच," ती म्हणाली, आणि रेडिओ बंद केला. पुन्हा तो आम्ही लावला नाही.

७

हिवाळ्यात नायरकडे लेकीचं लग्न एकदाचं झालं. आम्ही बसनं पाय्सान्दूला गेलो. मला भीती होती, पण तिथं काही झालं नाही. नायरनं बहिणीला मिठी मारली आणि सोडेचना. जावई तिच्याशी नाचला. मांस भाजणाऱ्या शेगडीपाशी उभं राहून इरुपेनं मेर्सेदेसच्या त्या गवंड्याची गोष्ट सांगितली, जो स्वतःचीच निधनवार्ता रेडिओवर द्यायला आला होता, आणि नायर डोळे पुसेपर्यंत हसली. माणसांमध्ये ती होती. तिथं तिला काही झालेलं नव्हतं. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून विचार केला की मग काय बिघडलं. यंत्रं बाजूला ठेवून माणसं हजारो वर्षं जगलीच ना.

आम्ही तसंच राहायला लागलो. मागच्या खोलीतला संगणक मी शाळेला देऊन टाकला. घोंगडं काढून उन्हात टाकलं. इरुपे फोनला हात लावत नाही. कुणी फोन केला तर मी उचलतो आणि म्हणतो, ती बाहेर गेलीय, निरोप सांगतो. सुरुवातीला लोक निरोप ठेवायचे.

काल दुपारी जेवण झाल्यावर आम्ही जेवणघरातच उन्हाच्या पट्ट्यात बसलो होतो. इरुपे संत्रं सोलत होती. फोन वाजला. नायर होती. मी म्हटलं, बोल.

"लग्नाचं चित्रण पाठवलं होतं, बघितलंस?"

"नाही अजून."

"बघ कधीतरी. तू त्यात शेगडीपाशी छान आलायस. एकटाच उभा आहेस, पण हसतोयस. बरं झालं आलास, विल्मार. तू येशील असं आम्हाला वाटलं नव्हतं. आई म्हणायची ना, लग्नाला जाऊन आलं की दुःख थोडं सैल होतं."

इरुपेनं साल सोलून बशीत ठेवली आणि फोडी सुट्या करायला घेतल्या. खोलीत संत्र्याचा वास पसरला होता.

"आहेस ना?" नायर म्हणाली.

"आहे."

"त्या मोठ्या घरात एकटा राहू नकोस रे. इकडे खोली आहे. विचार कर."

इरुपेनं एक फोड माझ्या पुढ्यात धरली आणि हळू आवाजात विचारलं, "नायर ना? काय म्हणते?"

मी फोन छातीशी धरला. "तुझी चौकशी करतेय."

"मग सांग की. बरी आहे म्हणावं."

तिची बोटं रसानं ओली होती. फोड माझ्या तळहातावर ठेवताना ती मला लागली, थंडगार. पण संत्रंच थंड होतं. मी फोन कानाला लावला.

"नायर," मी म्हटलं, "ती बरी आहे."

मग नायरनं हात फोनवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि हाताआडून ती घरात कुणाला तरी म्हणाली, "तू बोल त्याच्याशी. मला नाही जमत."